किनारा न लागलेलं वादळ

करावे गावात मी मास्तर होतो, तेव्हा खाडीवर रोज एक कोळी भेटायचा. जाळं विणताना तो प्रत्येक गाठ दातांनी आवळायचा आणि मगच पुढचं वाक्य बोलायचा.

एकदा मी त्याला एका जुन्या पुस्तकातला गुरू ग्रह दाखवला. त्यावर शेकडो वर्षं टिकलेला तांबडा डाग होता. पुस्तक म्हणत होतं, खाली डोंगर असावा आणि त्यावर ढग अडकून फिरत असावेत.

"मास्तर, डाग जागा सोडतो का?"

"सोडतो. कधी पुढे सरकतो, कधी मागे राहतो."

त्यानं गाठ आवळली. "मंग डोंगर नाय. खडकावरचा भोवरा खडक सोडून जात नाय. ह्ये वादल हाय. थितं किनारा हाय का?"

"नाही. दिसतो तो सगळा वायूच."

"मंग मरंल कुठं? वादल जमिनीला लागल्याबिगर मरत नाय."

पुस्तकापेक्षा मला त्याचंच पटलं.

भरती चढली तसा तो उठला. जहाजावर खलाशी म्हणून गेलेल्या त्याच्या भावाचं पत्र कित्येक वर्षांत आलं नव्हतं. भावाच्या होडीचा खुंटा समोरच मोकळा होता. तरी हा गुडघाभर चिखल तुडवत आपली होडी लांब बांधायला निघाला.

"इथंच बांधा की," मी म्हणालो.

"नको मास्तर. त्यो अजून किनाऱ्याला लागला नाय."