लाल दिवा लागल्यावर

किस्से एसीच्या फिल्टरमधल्या वाळूसारखे असतात. खिडक्या बंद ठेवल्या तरी साचतातच. ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करून मी जर्मनीतल्या एका रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रात साउंड इंजिनिअर झालो. आता दुबईत अल कुसैसला मुलाकडे असतो. सगळं बरोबर आठवतंय याची मला खात्री नाही. पण सांगतो.

*

हा ऑर्केस्ट्रा वाजवायचा मायक्रोफोनसाठी. मायक्रोफोन सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की शंभर माणसं नोटेशनचं पान उलटतानाही श्वास रोखून धरत. बेसूर वाजवलं तर नुसती समज मिळे. खोकलात तर सक्तीची रजा!

*

ऑर्केस्ट्रा सुरू झाला युद्धानंतर, पडक्या शहरात. हॉल नव्हता, श्रोते आपापल्या घरी रेडिओपाशी. टिंपनीचे नगारे वाजवणारे आमचे सर्वांत म्हातारे गृहस्थ सांगायचे, "कित्येक वर्षं आम्ही श्रोता पाहिलाच नव्हता. पहिल्यांदा टाळ्या पडल्या, तेव्हा वाटलं, छप्पर पडलं."

*

जे नवं संगीत कोणी वाजवत नसे, ते आम्ही वाजवायचो. एकदा रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली. माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून दोन दिवस बसून मी ती साफ केली. संगीतकार ऐकून रडकुंडीला आला.

"ती खरखर मी लिहिली होती."

*

गेल्या हिवाळ्यात हाच ऑर्केस्ट्रा अबू धाबीला आला. कार्यक्रम थेट जर्मनीत ऐकवला जाणार होता. जुन्या ओळखीने मला दोन पास मिळाले. सोबत मित्र कर्णिक; तिथल्याच मुसफ्फाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, शास्त्रीय गाण्याचे दर्दी. गाडीत मी त्यांना चारदा बजावलं, मधे टाळी नाही, दाद नाही. आयुष्यभर मी ती शांतता राखली होती. माझ्याच पाहुण्याने ती मोडू नये.

"डॉक्टर, मग आपण ऐकलं हे त्यांना कळणार कसं?" कर्णिक म्हणाले.

संथ भागात एकटा चेलो खाली उतरत उतरत थांबला. हॉल स्तब्ध. आणि कर्णिक म्हणाले, "वा!"

मी डोळे मिटून घेतले. थेट जर्मनीत!

शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा ऑर्केस्ट्राने तोच संथ भाग पुन्हा घेतला. लाल दिवा अजून लागलेलाच. चेलो उतरत आला आणि त्याच जागी थांबला. चेलोवादकाने आमच्या रांगेकडे पाहिलं. कंडक्टरचा हात हवेतच. शंभर माणसं वाट पाहत होती.

कर्णिक माझ्या धाकाने ओठ घट्ट मिटून बसलेले.

"वा!" मी म्हणालो.