उपरण्याखालचा देव

मी नास्तिक झालो तेव्हा अकोल्यात कोणाचंच काही बिघडलं नाही. हे दुःख मला आजवर कोणाला नीट समजावता आलेलं नाही. माणूस वर्ष-दोन वर्षं डोकं शिणवून ठरवतो की देव नाही, धीर करून घरात तसं जाहीर करतो, आणि बायको म्हणते, "नसन. भाकर निवून राहिली, जेवून घ्या." देवळाच्या गुरवाला मुद्दाम गाठून सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं. प्रसाद तरी घेसान ना?" घेतला. शिरा होता, आणि चांगला होता.

अमरावतीला सासरी गेलो तिथेही तेच. सासऱ्यांनी पान पुढे केलं आणि कापसाचा भाव विचारला. त्या वर्षांत कोणी दुसरं काही विचारतच नसे. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या रुईला सोन्याचे दिवस आले होते. मी कापसाचा दलाल, त्यामुळे मला मान होता. माझ्या नास्तिकपणाला मात्र कुत्रं विचारत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी माझ्याशी कडकडून भांडावं.

तो माणूस मला रेल्वेने दिला. रुळांचा मार्ग आखणाऱ्या गोऱ्या साहेबाचा तळ अकोल्याला पडला, आणि त्याच्याबरोबर गोव्याकडचा एक ख्रिस्ती बबर्ची आला. गळ्यात क्रूस, हातात जपमाळ, आणि बाजारातून कोंबड्यांबरोबर उचललेली अस्सल वऱ्हाडी बोली. पहिल्याच भेटीत मी त्याला सांगितलं की देव नाही. त्याने हातातली कोंबडी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मंग तुमी नरकात जासान, भाऊ."

इतकं गंभीरपणे मला तोवर कोणी घेतलं नव्हतं. मी त्याला चहा पाजायलाच घेऊन जाणार होतो, पण तेव्हा चहा फक्त साहेबाकडे मिळायचा, म्हणून त्यानेच मला पाजला.

त्यानंतर दर रविवारी त्याची प्रार्थना आटोपली की माझ्या वखारीत रुईच्या गाठींवर बसून आम्ही भांडू लागलो. मी विचारलं, "तुमचा देव सारं जानते, तं पापं पाद्र्याच्या कानात कायले सांगता?"

तो म्हणाला, "शेतकरी अन् व्यापारी समोरासमोर असते, तरी तुमी मधात कायले असता?"

दलालाला दलालीवरून गप्प करणं हा नीचपणा होता. मी आठवडाभर धुमसत राहिलो. पुढच्या रविवारी म्हणालो की जे दिसत नाही ते मी मानत नाही. तो हसायलाच लागला. कारण आमच्या बाजारात भाव ठरतो तो उपरण्याखाली. दोघांनी झाकलेले हात हातात घ्यायचे, बोटं धरून बोलणी करायची, तोंडाने अक्षर काढायचं नाही. भोवतीच्यांना काही दिसत नाही, पण सौदा झाला की सगळे मानतात. "जल्मभर झाकलेल्यावर पोट भरता," तो म्हणाला, "अन् मले दाखव म्हनता?"

मी म्हणालो, "बोट हाताले लागते ना."

"मलेबी लागते."

असा दीड हंगाम गेला. मी इतका सुखी क्वचितच होतो. आणि मग एके दिवशी तो सांगत आला की साहेबाचा तळ बडनेऱ्याला हलतोय. बडनेरा अमरावतीच्या वाटेवर, सासरी जाता-येता भेट झाली असती, पण दर रविवार गेला तो गेलाच. मी म्हणालो, "भांडन अर्धं टाकून चालले?"

"मंग निकाल लावू," तो म्हणाला. "तुमच्या रीतीनं."

भर बाजारात मी उपरणं टाकलं. ठरलं असं की पूर्ण पंजा धरला तर देव नक्की आहे; जेवढी बोटं कमी, तेवढी शंका. त्याने माझा अख्खा पंजा धरला. आता माझी पाळी, आणि तिथेच मी अडकलो. 'काहीच नाही' याला या रीतीत खूणच नाही. हात सोडला तर सौदा मोडला. शेवटी बोलणी चालू राहावीत म्हणून मी त्याचं एक बोट धरलं. एका बोटाएवढा देव मला तिथेच कबूल करावा लागला, आणि तो मिशीत हसला.

तोवर भोवती गर्दी जमली होती. त्याने पुन्हा माझा पंजा धरला, पण या वेळी करंगळी सोडून, म्हणजे एका बोटाची शंका ठेवून.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. जाताना मला काहीतरी देऊन जावं, असं त्याच्या मनात आलं होतं. मला ते नको होतं. तोही 'नसन' म्हणू लागला तर या मुलखात माझ्याशी भांडणार कोण? मी माझी करंगळी स्वतःच त्याच्या मुठीत कोंबली आणि उपरणं झटकलं.

"कितीत जमला सौदा?" चारी बाजूंनी विचारणा झाली. बबर्चीच्या हातून साहेब कापूस घेतोय, अशी सगळ्यांची खात्री पटली होती. मी खरं ते सांगितलं, की सौदा कापसाचा नव्हता, देवाचा होता.

एक अडत्या मान हलवत म्हणाला, "ज्याले देवच मान्य नाई, तो देवाचा सौदा काहून करन? दडवून राह्यला."

माझा नास्तिकपणा गावाने पहिल्यांदा ध्यानात घेतला, तो मला खोटं पाडायला. संध्याकाळपर्यंत भाव चढला.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या बैलबंड्या निघाल्या. तो शेवटच्या बंडीत भांड्यांच्या मधोमध बसला होता. मी वेशीपर्यंत चालत गेलो. बंडी सडकेला लागल्यावर त्याने वळून हाक दिली.

"नरकातच जासान तुमी, भाऊ."

मला फार बरं वाटलं.