गळ्यातली वीणा

त्या संध्याकाळी अण्णांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि मी खेकसलो, "जरा दम धरा ना!" अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले माझे वडील. त्या दिवसापासून त्यांनी पाणी मागणंच सोडलं. ओठ सुकले तरी गप्प.

वाशीचं ऑफिस, खांदेश्वरचं घर, अण्णांची आंघोळ, औषधं, सगळं मीच करायचो. धाकटा भाऊ शेजारच्याच कॉलनीत. तो आणि माझी बायको, दोघंही मदतीला तयार, पण "तुम्हाला नाही जमणार" हे माझं ठरलेलं उत्तर. थोडी घमेंडच होती ती. सकाळी उठतानाच अंग गळालेलं असायचं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन कमी करा." ते कसं करतात, हे मात्र मला उमगत नव्हतं.

जवळच्या नावडे गावच्या देवळात सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा खाली टेकवत नाहीत. दोन तासांचा पहारा झाला की ती पुढच्याच्या गळ्यात घालायची. रविवारी दुपारी माझी पाळी होती. ती संपली, पुढचा माणूस येईना. मी तसाच उभा राहिलो. "मी धरू का?" असं दोघांनी विचारलं, मी मानेनेच नको म्हटलं. मनात मात्र विठ्ठलाचा धावा चालू होता.

मंडपात वाल सोलत बसलेली एक म्हातारी हात धुऊन समोर आली.

"दे मना."

"राहू दे आजी, उभा राहतो अजून."

"ईना खाली ठेवाची नाय, पन गल्यातून उतरवाची तं हाय ना? एकट्यानंच धरली तं सप्ता सात दिस चालंल कसा?"

मला रडूच आलं. वीणा तिच्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या पाया पडलो आणि खांबाला टेकून मी गाढ झोपलो. हरिपाठाच्या टाळांनी जाग आली. वीणा तिसऱ्याच कुणाकडे होती, आजी दिसली नाही. विठ्ठल वाल सोलायचे टाकून येतो का, मला ठाऊक नाही. मी आजीला आणि त्याला, दोघांनाही हात जोडले.

तिथूनच भावाला फोन केला, "उद्यापासून अण्णांची आंघोळ तू घालशील?"

"कधीपासून म्हणतोय, दादा!"

औषधं द्यायचं काम बायकोने घेतलं. ऑफिसातून आल्यावर मी अण्णांपाशी नुसता नाम घेत बसू लागलो. थकवा एका दिवसात गेला नाही, पण माझा आवाज निवला. चौथ्या संध्याकाळी अण्णांनी हळूच हाक मारली, "पाणी देतोस?"

त्या संध्याकाळी त्यांनी तीनदा पाणी मागितलं. पांडुरंगा, तिन्ही वेळा मी हसत उठलो.