विलायती फुई

टोप्या खोकाभर होत्या आणि डोकं एकही नव्हतं.

"सिस्टर, शुक्रवारी मिस एल्सा येताहेत," डॉक्टरसाहेब तार हातात धरून म्हणाले. "आल्या आल्या काय विचारतील?"

"टोप्या कुठे आहेत."

"आणि मग?"

"बाळं कुठे आहेत."

"तुम्ही काय सांगणार?"

"टोप्या आहेत, असं सांगेन."

साहेब हसले नाहीत. त्यांचं हसू वर्षातून एकदा, नाताळाला यायचं, आणि नाताळ नुकताच होऊन गेला होता.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नरडाणा स्टेशनापासून आत, तापीच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. परदेशातल्या एका चर्चमधल्या बायका वर्गणी काढून असे खेड्यापाड्यातले दवाखाने चालवत. औषधं त्यांची, माझा पगार त्यांचा आणि नवी बाळंतपणाची खोलीही त्यांचीच. या खोलीवर माझा फार जीव. घरी विळ्याने नाळ कापली की धनुर्वाताने बाळ जायचं. माझ्या खोलीत कात्री उकळलेली असायची, एवढाच काय तो फरक. पण एवढ्या फरकाने पोर जगतं. त्या बायकांपैकीच एक, मिस एल्सा, ही खोली चालते का हे बघायला येणार होत्या. चालत नसेल तर खोलीला कुलूप आणि मला दुसरीकडे ड्यूटी.

आता टोप्यांचं. थंडीत तान्ह्या बाळाची ऊब सगळ्यात भराभर डोक्यातून जाते, म्हणून आम्ही बाळ पुसलं की आधी डोकं झाकतो. हे ऐकून त्या बायकांनी लोकरीच्या टोप्या विणून पाठवल्या होत्या. निळ्या, पिवळ्या, काहींना तर वर गोंडाही. गावातल्या वत्सलाचा मुलगा खोलीत जन्मला तेव्हा मी मोठ्या हौसेने त्याला निळी टोपी घातली. पोरगं असं काही दिसत होतं की मीच दोनदा दृष्ट काढली.

त्यानंतर खोलीत कोणी फिरकेना.

दिवस भरलेल्या बायका दवाखान्यावरून जाताना पदर पुढे ओढायच्या. घरी जाऊन विचारलं तर एकीला थंडी वाजत नव्हती, दुसरीचा नवरा शिंदखेड्याला गेला होता, तिसरी म्हणाली, "उद्या येसू." असा उद्या कधी उजाडत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. शेवटी मी वैतागून वत्सलाच्या घरी गेले. टोपी गायब होती. बाळाच्या डोक्याला धोतराचं फडकं गुंडाळलेलं. आणि ओट्यावर जनाअक्का बसलेली.

जनाअक्का वत्सलाच्या नवऱ्याची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. भाऊबंदांचा गोतावळा एवढा, की अर्ध्या गावाची ती आत्या. आत्याला तिकडे फुई म्हणतात.

"अक्का, टोपी का काढली?"

"तू मना भाचाले टोपडं घालनारी कोन वं, शिस्टर?" अक्का म्हणाली. "पहिलं टोपडं फुईनं ऱ्हास. फुई आजून जित्ती शे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळाचं पहिलं झबलं-टोपडं आणायचा मान आत्याचा. मी तो भर दवाखान्यात हिसकावला होता, आणि गावातल्या झाडून साऱ्या आत्या रुसल्या होत्या. आत्या रुसली की भावजय कशी येईल? नणंदेशी वाकडं घेऊन नांदायचं कुणी?

मी मटकन ओट्यावर बसले. मग सुटकेसाठी जे तोंडाला आलं ते बोलले. "अक्का, मी फक्त घातली. करणारी दुसरीच आहे. ती शुक्रवारी येते आहे."

अक्काने मान वळवली. "ह्या टोप्या तिनीच करेल शेतस?"

"बऱ्याचशा तिनेच."

"तिनं लगीन व्हयेल शे का?"

"नाही."

"मंग ती माहेरलेच शे. मी शे तशी." अक्का बराच वेळ सुपारी कातरत राहिली. "ऱ्हाऊ दे. ती बठ्ठासनी फुई." बठ्ठासनी म्हणजे सगळ्यांची. आणि मी उठून आनंदाने निघणार तोच माझा पदर धरून म्हणाली, "पन ध्यानमा ठेव. फुईना मान लेवाना तर फुईना मार बी खावाना."

मी हो म्हटलं. साहेबांना यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पाहुणीची जीप परस्पर धुळ्याकडे वळवली असती.

शुक्रवारी मिस एल्सा आल्या. ताडमाड उंच, साठीच्या, पांढरे केस, पायात शाळामास्तरांसारखे बूट. साहेबांनी स्वागतगीत आणि रिपोर्टचं वाचन ठरवलं होतं. दोन्ही राहिलं. दवाखान्याच्या अंगणात अक्काने पाळणा टांगलेला, सगळा बायकांचा मेळा, आणि त्या हिवाळ्यात जन्मलेली झाडून सारी बाळं ओळीने मांडीवर. अक्काने पाहुणीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि वत्सलाचं पोर तिच्या हातात दिलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "टोपी घाला. कानात कुर्र करा. मग नाव सांगा, रमेश." एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला धीर झाला नाही.

मिस एल्सांनी टोपी घातली. खाली वाकल्या. कुर्र इतकं सुरेख केलं की पोराने डोळे उघडले. "रमेश," त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीत पहिला धपाटा बसला.

अक्काचाच होता. मागोमाग साऱ्या बायका तुटून पडल्या. बारशाला नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिस एल्सांच्या चर्चला ठाऊक नव्हतं. साहेब मात्र चांगले नंदुरबारचे. पण घाबरलेल्या माणसाला आपलंच बारसं आठवत नाही. "अहो, पाहुण्या आहेत, मारू नका," म्हणत ते मध्ये घुसले आणि एक सणसणीत धपाटा त्यांच्याच पाठीत बसला. मला हसू आवरेना.  खोली गेली, पगार गेला, पण हे बघायला मिळालं, असं वाटत होतं.

बायका थांबल्या. मिस एल्सांचा चष्मा एका कानावर लोंबत होता. त्यांनी तो नीट बसवला आणि मला विचारलं, "हे नेहमीचं आहे?"

"हो. फक्त आत्याला मिळतं. दुसऱ्या कुणाला नाही."

"आत्या म्हणजे?"

"बाळाच्या वडिलांची बहीण."

 त्यांनी अंगावरचा कोट काढला, पर्ससकट साहेबांच्या हातात दिला आणि ओळीतल्या पुढच्या बाईकडे हात पुढे केले.

सगळी बाळं झाली. प्रत्येक बाळाला टोपी, कुर्र, नाव आणि मार. शेवटच्या दोन वेळेला तर त्या वाकतानाच हसू लागल्या होत्या. नंतर खोलीतल्या खाटेवर पालथ्या पडल्या आणि मी पाठीला मलम चोळलं. ते अक्काला पटलं नाही. तिने हळद-तेल गरम करून आणलं आणि मला बाजूला सारलं.

उशीत तोंड असतानाच मिस एल्सा बोलल्या. "मी एकुलती एक. मला भाऊ नाही. मला आत्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं."

मी ते अक्काला सांगितलं. अक्काचा हात थांबला. मग ती पुन्हा चोळू लागली, जरा हळू.

दुसऱ्या दिवशी नरडाणा स्टेशनावर अक्का लुगडं, खण आणि नारळ घेऊन हजर. "फुईले रिकामा हाते धाडतस नही," म्हणाली. मिस एल्सांनी ते लुगडं फ्रॉकवरून खांद्यावर घेतलं आणि तशाच गाडीत चढल्या. साहेब हसले. नाताळ नसताना.

खोली राहिली. गावाने तिला फुईनं घर असं नाव दिलं, आणि आता नणंदाच भावजयांना हाताला धरून आणू लागल्या. अमुक एका टोपीला गोंडा नाही म्हणून भांडूही लागल्या. त्या हिवाळ्यात त्या खोलीतलं एकही बाळ दगावलं नाही. इतकं बरं मला नोकरीत पुन्हा फार थोड्या वेळा वाटलं.

मदतीच्या खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. पाठवणारा गावाचा कोण लागतो, ते लिहिलेलं नसतं. ते गाव ठरवतं. एकदा ठरलं की पाठ तयार ठेवावी.