कडू मोगरा

नवी सून असताना मी एक शुद्ध मूर्खपणा केला. परकराच्या नाडीखाली, कमरेवर नायटा उठला होता. सासूबाईंना कळलं तर माहेरची लाज जाईल, म्हणून मी चोरून करंजाचं तेल लावायचे आणि वरून मोगऱ्याचं अत्तर. घरभर कडू मोगरा दरवळायचा, आणि आम्हा बाईसाहेबांना वाटायचं, कुणाला पत्ताच नाही!

आज नातीने स्वतःचा नायटा सगळ्यांदेखत दाखवला. दाराबाहेर करंज निवांत फुलं गाळत होता. त्याच्या तेलाने माझी बुरशी तेव्हा हळूहळू मागे हटली. लाज मात्र पसरतच गेली. शेवटी सासूबाईंनीच मला माजघरात गाठलं आणि म्हणाल्या, "अगं, ती बाटली इतकी आत लपवू नकोस. मलाही कमरेला लावायचं असतं."