गिफ्ट समोरच उघडायचं

रूथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी संक्रांतीच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करत होते. पाक करपला. फोनवर तिची मुलगी ग्रेस होती. “मावशी, मम्मी गेली,” एवढंच म्हणाली. “अशी एकाएकी?” मी विचारलं. “प्रार्थनेला या,” म्हणून तिनं फोन ठेवला. एकाएकी काही झालेलं नव्हतं.

रूथ आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी हुडकेश्वरहून तिच्या घरी जायचे. आमच्याकडे भेटवस्तू बाजूला ठेवतात, पाहुणे गेल्यावर उघडतात. पहिल्या वर्षी तिचं गिफ्ट मी तसंच पर्समध्ये टाकायला लागले, तर तिनं हात धरला. “काहून वं, बॉम्ब आहे का त्यात? माह्यासमोर उघड. मले तुझं तोंड पाहाचं आहे.” तेव्हापासून नियमच झाला. एकदा भडक लाल स्वेटर निघाला आणि माझं तोंड वाकडं झालं, तर ती खुर्चीत मागे रेलून हसली. संक्रांतीला ती माझ्याकडे यायची, तेव्हा वाणाची वस्तूही जागेवरच उघडायची. खोटं कौतुक तिला चालत नसे. मला वाटायचं, आमच्यात लपवाछपवी नाही.

गेल्या नाताळात ती बारीक दिसली. मी विचारलं, तर म्हणाली, “डाएट करून राहिली. जळू नको.” मग कागदात गुंडाळलेलं, गोल, जड काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “हे घरी जाऊन उघड.”

“नियम तुझाच आहे,” मी म्हटलं. “संक्रांतीला ये. तुझ्यासमोर उघडते.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “बरं. येतो ना वं.”

प्रार्थनेच्या दिवशी कळलं, तिच्या चर्चमधल्या बायकांना तिच्या आजाराचं दिवाळीपासूनच माहीत होतं. बेकरीवालेसुद्धा भेटले. रूथ दरवर्षी घरी मिश्रण कालवून केकचं भांडं त्यांच्या भट्टीवर न्यायची. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काठावर खिळ्यानं नाव कोरलेलं. ते म्हणाले, “बाई बोलून गेल्या होत्या, पुढच्या वर्षी हे भांडं माझी मैत्रीण आणंल. तुम्हीच काय त्या?”

म्हणजे भट्टीवाल्यालाही सांगितलं. मला नाही.

ग्रेसला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायला लागली. “मम्मीनंच मना केलं होतं मावशी. म्हणे, तिले सांगशील तर थे मले लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेते. माह्या शेवटच्या क्रिसमसचं वाटोळं करते.”

नेलं असतं. त्यात चूक काय? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं, भांडले असते, निदान शेजारी बसले असते. माझा स्वभाव तिला पक्का ठाऊक होता आणि तोच तिनं मला बाहेर ठेवायला वापरला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय.

परवा ग्रेसनं विचारलं, “मावशी, मम्मीचं गिफ्ट उघडलं का?”

नाही उघडलं. कपाटात टॉवेलांच्या मागे आहे. टॉवेल काढताना हात लागतो. कागदावरूनही काठावरची कोरलेली अक्षरं बोटांना कळतात. आत काय आहे ते मला माहीत आहे. कागद फाडायला क्षणभर पुरे. पण समोर बसून माझं तोंड पाहणार होती ती... येतो म्हणाली होती.