तिच्या गावाचा माझा अभ्यास

मुलगी संशोधनासाठी तुर्कस्तानातल्या एका छोट्या पठारी गावात गेली, बायको आईच्या दुखण्यापायी पुण्याला, आणि सिंगापुरात बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये मी आणि राईस कुकर एवढेच उरलो. रविवारी संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. "जेवलीस?" "हो." "थंडी?" "आहे." संपलं. मग काळ्या पडद्यात माझंच कपाळ.

खरं तर आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा म्हणजे मी. लग्नघरात पंगत उठली तरी माझी गोष्ट उठत नसे. पण आता ऐकायला कोण? कॉल जरा लांबावा म्हणून मी तिच्या गावाचा अभ्यास सुरू केला. सकाळी जुरोंग ईस्टला एमआरटीच्या गाडीत चढलो की मोबाईलवर त्या गावाच्या गल्ल्या हिंडायचो. एकदा तिथली जुनी सराय शोधता शोधता माझं उतरायचं स्टेशन, पाया लेबार, मागे पडलं.

पुढच्या रविवारी मी तयारीत होतो. "अगं, तुमची नदी समुद्राला मिळतच नाही, माहितीये? खाऱ्या तळ्यात जाऊन विरते!"

"बाबा, मी त्याच तळ्यातला गाळ तपासतेय."

"बरं, घरांचा दगड काळा का? ज्वालामुखी! आणि सेल्जुक सुलतानांच्या काळी उंटांचे तांडे उतरायचे ती सराय... चौकातून डावीकडे."

"उजवीकडे. आता तिथे ट्रॅक्टर लावतात. बाबा, मी इथे राहते हो!"

एवढ्यावर थांबलो तर मी कसला? "आणि उन्हाळ्यात अख्खं गाव मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचं. घर राखायला एखादा म्हातारा खाली राहायचा..."

"मग?"

मग मी अडलो. तो म्हातारा दिवसभर काय करायचा, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. "मग काही नाही. राहायचा."

"बाबा, आज काय जेवलात?"

"हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवरून आणलं की..."

"खरं सांगा."

"कालचा भात."

"पुढच्या रविवारी गाव मी दाखवते. तुम्ही फक्त बघायचं. बोलायचं नाही."

रविवारी ती फोन हातात धरून चढावर निघाली. वाऱ्याने निम्मं ऐकूच येईना. नकाशात सपाट दिसलेला रस्ता चांगलाच उभा होता. तिला धाप लागत होती आणि मी इथे खुर्चीत बसून पुढे वाकत होतो. एका काळ्या दगडाच्या घरापुढे टोपीवाले आजोबा बसले होते. तिने फोन त्यांच्याकडे वळवला. ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत गं?"

"चहाला या म्हणतायत."

"नको नको, आत्ताच झाला," मी सवयीने म्हणालो.

"खोटं! मागे ओटा दिसतोय, सगळा कोरडा. उठा, आधण ठेवा. मी थांबते."

मी उठलो. आधण ठेवलं. गॅस मुद्दाम बारीक केला.